एकटीला उचलता येईल असं टेबल

६ जानेवारी

ढलपे,

आधी एक काम सांगते, मग बाकीचं. तुला कोणी विचारलंच, तर तुझ्या ओळखीच्या एका बाईंनी आपल्याकडे जेवणाचं टेबल करायला सांगितलं आहे. बाई एकट्या राहतात, तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. त्यांना सगळं हातानं केलेलं टेबल हवं आहे. मशीन लावायचं नाही, खिळा नाही, स्क्रू नाही, लाकडात लाकूड बसवून केलेलं. बाईंना मी अजून नाव दिलेलं नाही. 'त्या बाई' एवढ्यावर भागतं, कारण तुझ्या बाबांना गिऱ्हाइकाच्या नावाशी कधीच देणंघेणं नव्हतं. त्यांना माप कळलं की झालं.

अशी कोणी बाई नाही, हे तू ओळखलंच असशील. तिसरा मजला आणि अरुंद जिना तुझाच आहे. खोटं बोलताना ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. उचलला असतास तरी हे फोनवर बोलता आलं नसतं. पुढे कारखाना, मागे आपल्या दोन खोल्या आणि मधे एक पडदा. मी इकडे शिंकले तर तिकडे रंधा थांबतो. म्हणून पोस्टात येऊन, पाकिटं चिकटवायच्या बाकावर बसून लिहिते आहे. शेजारचा माणूस सारखा वाकून बघतोय. बघू दे बापडा.

झालं असं. मागच्या आठवड्यात बाबा मशीनवर फळी कापत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून कपाटाच्या दाराला पॉलिश मारत होते. करवत लाकडात शिरली की तिचा आवाज जाड होतो आणि तुकडा सुटला की पुन्हा बारीक होतो. इतकी वर्षं ऐकते आहे, त्याकडे लक्षही नसतं. त्या दिवशी आवाज जाडच राहिला. मी वळून पाहिलं. बाबा फळीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर, आणि भिंतीवर काहीच नाही. अंगाचा भार पुढे होता, त्यामुळे फळी आपली आपण सरकत होती आणि तिच्याबरोबर त्यांचे हात.

मी ओरडले नाही. दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. करवतीची चकती फिरत फिरत थांबली, तेव्हा तिच्यात आणि त्यांच्या अंगठ्यात माझं बोट मावलं असतं एवढीच जागा होती. मग ते जागे झाल्यासारखे म्हणाले, "काय झालं?"

"लाईट गेली," मी म्हटलं.

त्यांनी चकतीकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. आणि तेव्हा मला ऐकू आलं, की शेजारी किल्लीवाल्याचं मशीन कर्कश चालू आहे. लाईट गेली असती तर ते कसं चालू राहिलं असतं? पण बाबांनी फळी उचलून बाजूला ठेवली. मीही पुन्हा पॉलिशचा बोळा घेतला.

तू मागे आली होतीस तेव्हा जेवताना पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात अर्ध्यावर थांबला होता, तेच हे. तू त्यांना लाकडाची वखार दाखवते म्हणून डॉक्टरकडे नेलंस. नंबर पुकारेपर्यंत ते तिथे बसले आणि मग उठून चपला फटफटवत चालत घरी आले; डॉक्टरांशी तू एकटीच बोललीस. 'मला फसवून नेणारीनं माझ्या कारखान्यात पाय ठेवायचा नाही,' असं म्हणाले, आणि तू बॅग उचललीस. लहानपणी तू रंध्याखालच्या ढलप्यांत लोळायचीस, त्या तोंडात घालायचीस, म्हणून 'ढलपी' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ते उच्चारलेलं नाही. आता तू नुसती 'ती' आहेस.

आणि आता मीही त्यांना फसवते आहे. पण डॉक्टरचं नाव काढलं तर ते ताट सारून उठतात, आणि मशीन बंद करा म्हटलं तर का ते सांगावं लागेल. म्हणून बाई आणल्या. बाईंना हातकामच हवं आहे, म्हणजे निदान टेबल होईपर्यंत मशीन बंद राहील. पुढचं मला ठाऊक नाही.

मला भीती वाटते गं. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

तुझी आई


१७ जानेवारी

ढलपे,

तुझं कार्ड नशिबानं पोस्टातच माझ्या हाती पडलं. 'मी ती बाई होणार नाही. बाबांना डॉक्टरकडे ने.' एवढ्यासाठी तिकीट वाया घालवलंस. अक्षर मात्र बापासारखं सरळ आहे, अगदी सुताराचा गुण्या लावून काढल्यासारखं.

इकडे काम सुरू झालं आहे. आणि तुला खोटं वाटेल, पण बाबा खूश आहेत. थोरल्या पटाश्या काढल्या, तेल लावून सगळ्यांना धार केली. धार बघायला मनगटावरचे केस भादरले, ते आता एका हाताला आहेत आणि एका हाताला नाहीत. आडव्या लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, ते कुसू. पायाला आरपार भोक पाडायचं, ती खाच. कुसू खाचेत असा बसला पाहिजे की हातानं दाबला तर जाईल आणि झटकला तर पडणार नाही. हे सगळं ते मला समजावून सांगतात. इतकी वर्षं यांची लाकडं मीच घासत आले आहे, पण नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसं सांगतात.

बाईंबद्दल मात्र माझी उलटतपासणी चालू आहे.

"एकट्या राहतात आणि सहा माणसांचं टेबल कशाला?"

"लोक येत-जात असतील."

"मग एकट्या कशा?"

"अहो, जातात ना लोक परत."

"दार किती रुंद आहे?"

मी हात पसरून दाखवलं. त्यांनी माझ्या हातांनाच फूटपट्टी लावली आणि आकडा फळीवर लिहून ठेवला. आता मी हसावं की रडावं?

हातकामानं भीती जाईल असं वाटलं होतं. तसं नाही. पटाशीचे ठोके चालू असतात तोवर मी पॉलिशचा बोळा फिरवत असते. ठोके थांबले की माझा हात थांबतो. कधी ते नुसतं भोकात फुंकर मारत असतात, कधी नाक पुसत असतात. पण ते मला पडद्याआडून कसं कळणार? आणि सारखं डोकावलं तर 'काय गं?' म्हणतात. म्हणून मी ओरडून विचारते, "अहो, चहा घेता?" उत्तर आलं की जिवात जीव येतो, आणि मग चहा करावा लागतो. कालपासून ते चहाला नाही म्हणायला लागले आहेत, पण नाही म्हटलेलंही मला चालतं.

परवा उत्तर आलं नाही. मी पडदा सारून गेले. पटाशीचं टोक खाचेत, डाव्या हाताची मूठ पटाशीवर, उजव्या हातातली ठोकायची लाकडी मोगरी हवेत. मी जवळ गेले तरी पापणी हलली नाही. मी मोगरीखाली माझा हात धरला आणि तशीच उभी राहिले. किती वेळ ते विचारू नकोस. मग मोगरी खाली आली, माझ्या तळहातावर. बाबा म्हणाले, "मधे काय हात घालतेस, लागेल ना."

मी म्हटलं, "चहा घेता का विचारायला आले होते."

तुझी आई


४ फेब्रुवारी

ढलपे,

काळजीचं काही नाही.

टेबलाच्या वरच्या भागासाठी बाबांनी माळ्यावरची ती रुंद फळी काढली. तू शाळेत जायच्या आधीपासून ती वर होती, आठवतं? कितीतरी गिऱ्हाइकांनी मागितली, यांनी दिली नाही. अख्ख्या टेबलाला एकच फळी, मधे सांधा नाही, असं लाकूड आता मिळत नाही म्हणायचे. ती या खोट्या बाईंसाठी काढली. पण अडवू कशी? म्हणणार काय?

फळी आम्ही दोघांनी धरली, ते पुढे आणि मी मागे. कारखान्याच्या मध्यापर्यंत आलो आणि ते थांबले. मला वाटलं हात बदलतायत. मग त्यांचं टोक सुटलं, फळी कलंडली आणि माझ्याकडचा कोपरा खाली आला. तेवढंच.

तेवढंच नाही. पायावर आला. अंगठ्याचं नख गेलं आणि पाय सुजून चपलेत जात नाही. तीन दिवस पोस्टात येता आलं नाही. पण मोडलेलं काही नाही, बोटं हलतात, उगाच घाबरून जाऊ नकोस. ते 'हात घसरला' म्हणाले. मीही 'फळीच गुळगुळीत आहे मेली' म्हटलं. मग त्यांनी माझा पाय बादलीत ठेवला, त्यावर गार पाणी ओतत राहिले. मान वर करून माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत पडद्याबाहेर आले तर ते ती फळी कापत होते. हातकरवतीनं, उभी. एका रुंद फळीच्या तीन अरुंद फळ्या. ढलपे, वाटलं, हे भानावर नाहीत. कुठेतरी हरवलेत आणि हात आपला आपण चालतोय.

"अहो, काय करताय हे?"

"त्या बाईंना एवढी मोठी उचलायची कशी? एकट्या आहेत म्हणालीस ना."

"टेबल कशाला उचलतील त्या? जागेवर राहील की."

"झाडायला सरकवतील. घर बदलतील. फळी खाली पडली तर पायावर पडेल." एवढं म्हणून पुन्हा कापायला लागले. मग पहिली फळी सुटली तेव्हा मला म्हणाले, "ही उचलून बघ. जड आहे का?"

मी उचलली. जड नव्हती. त्यांनी मान हलवली आणि दुसरी कापायला घेतली.

अख्खं आयुष्य जपलेलं लाकूड माणूस असं चिरतो का? तू म्हणशील डॉक्टर. मला माहीत आहे तू काय म्हणशील ते.

आई


२० फेब्रुवारी

ढलपे,

तू फोन केलास आणि नेमका बाबांनी उचलला. 'हॅलो' म्हणाले, पलीकडचं नुसतं ऐकत राहिले, मग 'देतो' म्हणून फोन माझ्या हातात दिला. तू रडत होतीस म्हणून तुला पुढचं काही सांगता आलं नाही, आणि ते समोरच उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्या टेबलवाल्या बाई का?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणत होत्या?"

"टेबल कधी मिळेल विचारत होत्या."

"मग रडत का होत्या?"

मी म्हटलं, सर्दी झाली आहे त्यांना. "औषध घ्या म्हणावं," एवढं बोलून ते रंध्याकडे वळले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. हा माणूस थट्टा करतोय की खरंच विचारतोय, हे मला लग्नापासून कधी कळलेलं नाही.

पण आता ऐक. आज सकाळी ते खुंट्यांसाठी लाकूड बघायला वखारीत गेले होते. मी म्हटलं, तेवढ्यात मशीनखालचा भुसा काढून घ्यावा. बाजूचं झाकण उघडलं. आत पट्टा नव्हता. मोटर आणि चकती यांना जोडणारा पट्टाच नाही, म्हणजे बटण दाबलं तरी चकती फिरायची नाही. मी घरभर शोधला. माझ्याच कपाटात मिळाला, स्पिरिटच्या डब्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. वर्तमानपत्रावरची तारीख वाचली. मी 'लाईट गेली' म्हणाले त्याच दिवशीचं होतं.

म्हणजे बाई जन्माला यायच्या आधीच त्यांनी मशीन मारून टाकलं होतं. मला वाटत होतं मी त्यांना मशीनपासून लांब ठेवते आहे, आणि ते माझ्यापासून पट्टा लपवत होते. त्यांना किल्लीवाल्याचं मशीन ऐकू आलं होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? मी जमिनीवर बसून राहिले. आजवर मला भीती होती की यांना काही होतंय आणि यांना ते माहीत नाही. आता कळलं, की त्यांना माहीत आहे आणि ते एकटेच घाबरत बसलेत, पडद्याच्या पलीकडे. मी अलीकडे. आणि मधे तो चहा.

आणखी एक. हल्ली काम थांबलं की ते मोगरीनं कामाच्या ओट्यावर एक ठोका मारतात. नुसताच, लाकूड नसताना. मला वाटलं नवीन सवय लागली. आज डोक्यात उजेड पडला. मी विचारायच्या आत सांगतात, की मी आहे. मी पट्टा होता तसा गुंडाळून ठेवून दिला आणि काही बोलले नाही. तू असतीस तर बोलली असतीस. तुझ्यात ते आहे, आमच्या दोघांत नाही.

टेबल निम्म्याच्या वर झालं आहे. तू काम करतेस त्या कंपनीचं घरी जोडायचं चपलांचं कपाट पाठवलं होतंस, त्याबरोबर तो चित्रांचा कागद आला होता ना, कुठला तुकडा कुठे घालायचा तो? बाबांनी तो तेव्हा चुरगळून फेकला होता, भुसा चिकटवून केलेल्या वस्तूला कपाट म्हणायचं का म्हणून. आता तोच कागद सरळ करून त्यांनी ओट्यावर लावला आहे. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्या माणसाला कसं जमवायचं, ते यांना बरोबर सुचलंय."

हे तुझ्याबद्दल आहे, समजलं ना?

आई


९ मार्च

ढलपे,

टेबल झालं. सुंदर झालं आहे, आणि मला ते डोळ्यांसमोर नको झालं आहे.

कसं केलंय ते सांगते. दोन्ही टोकांना पायांची एकेक चौकट. मधे एक लांब आडवं लाकूड, त्याचे कुसू दोन्ही चौकटींतून आरपार बाहेर येतात. बाहेर आलेल्या कुसवात एक भोक आणि त्या भोकात वरून पाचर. पाचर ठोकली की सगळं असं आवळलं जातं की वर नाचलं तरी हलणार नाही. पाचर खालून दोनदा ठोकली की सुटतं. वर तीन फळ्या, चौकटीवरच्या खुंट्यांवर नुसत्या बसवायच्या. चिकटवायच्या सरसाचा एक थेंब नाही. सगळं सुटं होतं, सगळं परत जोडता येतं.

आज सकाळी बाबांनी ते पूर्ण सोडून भिंतीला टेकवून ठेवलं आणि मला म्हणाले, "जोड."

"मी? मी पॉलिशवाली."

"त्या बाई तरी कुठे सुतार आहेत? तुला जमलं तर त्यांना जमेल."

मी चौकट उचलली. ती धरायला ते पुढे आले नाहीत. उलट दोन पावलं मागे गेले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. चौकट उभी करून आडवं लाकूड घालायला गेले तर ती माझ्या अंगावर कलली. मी म्हटलं, "अहो, जरा धरा."

"मी नाही असं समज," ते म्हणाले.

मी खुर्ची आणून चौकट तिला टेकवली, लाकूड घातलं, दुसरी चौकट घातली, पाचरा ठोकल्या, फळ्या ठेवल्या. घाम फुटला. त्यांनी एक फळी दाबून पाहिली आणि म्हणाले, "आता सोड. परत जोड."

तीन वेळा, ढलपे. तिसऱ्या वेळी माझे हात आपले आपण जायला लागले आणि माझ्या डोक्याला काही काम उरलं नाही. तेव्हा ते कळलं. प्रत्येक तुकडा झाला की ते मला 'उचलून बघ' म्हणत होते. दार किती रुंद ते त्यांनी माझ्या हातांवर मोजलं होतं. फळी कापली ती माझ्या पायावर पडल्यावर. मी एकटी बाई म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस. त्यांनी ती मी आहे असं समजून टेबल केलं. ते नसतील तेव्हाची मी.

त्यांना वाटतं ते जाणार. कधी ते माहीत नाही, म्हणून आधी मला एकटीला जमतं का ते बघून ठेवतायत. आणि मी पाचर हातात धरून तिथे उभी होते आणि शहाण्यासारखी ती ठोकत होते.

त्यांनी विचारलं, "जड आहे का?"

मी नाही म्हटलं. तुकडे जड नव्हते, हे खरं आहे. पण दिवसभर माझ्या पोटात अन्न गेलेलं नाही.

हे पत्र पोचेपर्यंत मी काय करणार आहे, मला माहीत नाही. पण हे टेबल असं ठेवायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

आई


१२ मार्च

ढलपे,

आज पोस्टात नाही, घरून लिहिते आहे. म्हणजे टेबलावरच. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

परवा दुपारी बाबा जेवून पडले. मी सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं. पातळ होऊन त्याचा तो घाणेरडा वास सुटला तेव्हा वाटलं उठतील, पण घोरणं चालू होतं. मग मी पाचरा सोडल्या, सगळ्या खाचांत सरस ओतला, कुसवांना फासला, सगळं परत जोडलं आणि पाचरा मोगरीनं हाणल्या. इतक्या जोरात हाणल्या की किल्लीवाला दारात येऊन बघून गेला. खाली आलेली पाचरांची शेपटं करवतीनं कापून टाकली, म्हणजे पुन्हा खालून ठोकायला काही उरायला नको. तिन्ही फळ्यांच्या कडांना सरस लावून त्या एकमेकींना चिकटवल्या आणि खुंट्यांच्या भोकांतही ओतला. जोडायला मला तीनदा शिकवलं होतं ना, तेव्हा हात छान बसला होता.

बाबा उठून बाहेर आले तेव्हा मी ओट्याला टेकून भुशात बसले होते, कोपरापर्यंत सरस. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. कापलेल्या पाचरेवर अंगठा फिरवला. खाली वाकून पाहिलं. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही.

"फळ्या चिकटवल्यास?" ते म्हणाले.

"हो."

"लाकूड उन्हाळ्यात आकसतं. त्याला हलायला जागा ठेवावी लागते. हे फुटेल."

"फुटू दे. फुटलं की तुम्ही नीट करायचं."

ते सांध्यातून बाहेर आलेला सरस नखानं खरवडायला लागले.

"आणि मी एकटी हे उचलणार नाही," मी म्हटलं. "आता ते उचलता येतच नाही. झाडायला सरकवायचं असलं तरी दुसरं टोक तुम्ही धरायचं. मला एकटीला जमतं, ते तुम्ही बघितलंत. मला जमवायचं नाही. लाईट गेली नव्हती. तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी रोज मरते त्या पडद्यामागे. इतकी भीती वाटते की मला चहाचा वास सहन होत नाही."

हे सगळं मी टेबलाच्या पायाकडे बघून बोलले. वर बघायची हिंमत झाली नाही. ते खाली बसले, माझ्या शेजारी, भुशात. चिंधीनं माझ्या हातावरचा सरस पुसत म्हणाले, "ते येतं ना, तेव्हा मला काही कळत नाही. परत आल्यावर कळतं. परत आलो की पहिल्यांदा बघतो, तू धड आहेस का. तुझ्या पायावर फळी पडली त्या दिवसापासून मला तुझीच भीती वाटते."

मग त्यांनी विचारलं, "तिला डॉक्टर काय म्हणाले होते?"

तपासण्या कराव्या लागतील, औषध आहे, मशीनजवळ जायचं नाही आणि उशीर करायचा नाही. तू त्या दिवशी मला दारात सांगितलं होतंस ते सगळं मी सांगितलं. ते नुसते 'हं' म्हणाले. मग उठले आणि टेबलाचं एक टोक धरलं. मी दुसरं धरलं. आत न्यायचं तर आपलं मधलं दार अरुंद, तिरकं करून पाय आधी घालावे लागणार, आणि ते पाय उचलायला आणखी एक माणूस हवा. आम्ही दोघांनी धापा टाकत ते पुन्हा खाली ठेवलं. आता ते कारखान्याच्या मधोमध आहे आणि गिऱ्हाइकांना वळसा घालून यावं लागतं.

बाबा कपाळ पुसत म्हणाले, "तिसरा माणूस लागेल. ढलपीला बोलाव."

ऐकलंस का? नाव घेतलं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं, नाहीतर तेच लाजले असते. पुढे म्हणाले, "आणि तिला सांग, वखारीचं नाव काढू नकोस. डॉक्टरकडे जायचंय तर डॉक्टरकडे म्हणावं." म्हणून सांगते आहे. तू आलीस की दुसऱ्या दिवशी तिघं जाऊ. येताना काही आणू नकोस, फक्त पायात बूट घाल. टेबल जड आहे, आणि माझं नख अजून आलेलं नाही.

भीती गेली असं लिहिणार नाही. तपासणीत काय निघेल कोण जाणे. कालही एकदा आलं, जेवताना, याच टेबलावर. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून बसून राहिले आणि ते परत आल्यावर म्हणाले, "आलं होतं का?" मी 'हो' म्हटलं. दोघंही पुढे जेवलो. पडदा मी काढून धुवायला टाकला आहे, परत लावणार नाही.

आता ते ओट्याजवळ आहेत. पटाशीला नवीन मूठ बसवतायत. माझी पाठ तिकडे आहे, पण ठोके ऐकू येतात.

थांबले. मूठ फिरवून बघत असतील. थांब जरा, ठोका येऊ दे, मग सही करते.

अजून आला नाही. उठून बघते.

आला. मी अर्धी उठले होते. लवकर ये.

आई